पीण्यात रुजू होणाऱ्या भाचीस

बेंगळुरू

चि. बाळास,


पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रेस शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं आईने कळवलं. पगार, खोली, मेट्रो यांची चौकशी बाकीचे करतीलच. मामाला सांगायचंय ते वेगळं आहे. उद्यापासून तुझ्या एका सहीवर कितीतरी माणसांची बोटं अवलंबून असतील.

पॉवर प्रेसचं कामच तसं आहे. रॅमखाली पत्रा ठेवायचा, हात काढायचा, बटण दाबायचं, तयार नग बाजूला करायचा आणि पुन्हा तेच, पाळी संपेपर्यंत. म्हणून मशीनला एकमेकांपासून लांब अशी दोन बटणं देतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम खाली येऊ नये, हा त्यामागचा हेतू. नगांची घाई झाली की यातलं एक बटण पाचर मारून किंवा चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं जातं. कधी हाताची चाहूल घेणारा सेन्सरच बंद करतात. असं करणारा कामगार बेफिकीर असतो, असं समजू नकोस. त्याला दिलेला आकडा सुरक्षित हाताने पुरा होत नसेल, तर दोष आकडा ठरवणाऱ्याचा आहे. आणि आता तो आकडा खाली सांगणारी तू आहेस.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अशा इजांची नोंद सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ या अहवालांतून करत आली आहे. बोटं गमावण्याच्या कारणांत तिथे पॉवर प्रेस ठळकपणे दिसतो. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे बऱ्याच जखमींच्या हाती ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड पडलं ते अपघात झाल्यावर. खरं तर कामावर घेतानाच नोंदणी व्हायला हवी. तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रत्येक प्रेसपाशी उभी राहून दोन्ही बटणं स्वतः तपास आणि प्रत्येकाचं कार्ड बघ. कंत्राटदाराची माणसं ‘आपली नाहीत’ असं कुणी म्हणेल. ते मुळीच ऐकू नकोस.

धोका यंत्रांपुरताच नसतो. याच शहरात 23 फेब्रुवारी 2010 रोजी जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्सला आग लागली. तिथे प्रेस नव्हते, भट्ट्या नव्हत्या. होती ती कार्यालयं. विजेच्या तारांच्या डक्टमध्ये आग लागली आणि धूर मजल्यामजल्यांवर पसरला. आणीबाणीत बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. जीव गुदमरलेल्या काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. नऊ माणसं गेली. त्यांच्या आप्तेष्टांनी पुढे ‘बियाँड कार्लटन’ ही संस्था काढली आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेसाठी काम सुरू केलं. घरातलं माणूस गेल्यावर दुसऱ्यांच्या इमारतींची दारं उघडी राहावीत म्हणून झटायचं, याला केवढं मन लागत असेल!

जिन्याच्या दाराला कुलूप घालणाऱ्याच्या डोक्यात बहुधा चोरीची भीती असते. जिन्यात खोकी रचणाऱ्याला जागा अपुरी पडत असते. दोघांनाही आपण काही भयंकर करतोय असं वाटत नाही. म्हणून तुझ्या शॉपची मागची वाट रोज पाळी सुरू होताना स्वतः चालून बघ. दार ढकलून उघडतं का, ते पाहा. नकाशावर दार आहे एवढ्यावर सही करू नकोस.

कारखान्यात सांडपाण्याची टाकी असेल तर आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. आत कोसळलेल्या माणसाला वाचवायला धावत उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंही थांबतं. त्यामुळे ‘वास नाही, म्हणजे वायू नाही’ हा समज जीव घेतो. हवा मोजल्याशिवाय आणि वर श्वसनयंत्र, दोर व पहाऱ्याचा माणूस तयार असल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नकोस. गडी कितीही तयार असला, तरी नाही.

कामावर जायबंदी झालेल्याची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. 1884 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जी मागणीपत्रिका तयार केली, तिच्यात जखमी कामगाराला बरं होईपर्यंत पगार मिळावा, असं म्हटलं होतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात 41-एच हे कलम आलं. धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी जिवाला धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून द्यायचा हक्क त्याने कामगाराला दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही धोका कळवण्याचा हा हक्क आहे.

पण हक्क वापरायला तोंड उघडावं लागतं. तुझ्या पाळीत कुणी यादगीर-रायचूरचा असेल, कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा. भिंतीवरचा इंग्रजी फलक त्यांच्या काय कामाचा? कन्नड शिक, हिंदी सुधार, सूचना बोलून सांग आणि त्यांच्याकडून करून घे. ‘मॅडम, मशीनचा आवाज वेगळा येतोय’ असं कुणी म्हणालं तर आधी मशीन थांबव, मग काय ते विचार. त्याच्यावर एकदा जरी खेकसलीस, तरी पुन्हा कुणी सांगायला येणार नाही.

थोडक्यात टळलेले अपघात वहीत तारीख-वेळ घालून लिहीत जा. दुरुस्तीची मागणी लेखी दे आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेव. वरून ‘आजची पाळी तेवढी निभाव’ असं सांगितलं गेलं, तर तेही त्याच पानावर नोंदव आणि दुरुस्ती बाकी असलेला प्रेस बंदच ठेव.

तुझा,
मामा