ताडपत्रीखाली शेगडी नको

मच्छीमार बांधवांनो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. केरी, हरमल, मोरजीला होड्यांवर ताडपत्री चढते. तिच्याखालीच आम्ही जाळी दुरुस्त करत बसतो, आणि पाऊस लागतो म्हणून चहाची शेगडीही आत घेतो. आम्हीही हे केलंय, कबूल! पण प्लास्टिकची ताडपत्री नि नायलॉनची जाळी मेणासारखी वितळतात. जळते थेंब अंगावर पडून कातडीला चिकटतात. ते ओढून काढू नका, २० मिनिटं साधं थंड पाणी सोडत राहा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की होडीच्या तळाशी साचतो. पावसाळी वारा दर्याकडून येतो, म्हणून शेगडी जाळ्यांपासून लांब, जमिनीकडच्या बाजूला, उघड्यावर ठेवा. वाळूची बादली जवळ हवी. अग्निशमन दल : १०१. पाऊस असेल तर चहा घरूनच थर्मासमधून आणा.