नाण्यांचा साठा फोडू नका

वैनगंगेच्या काठच्या गावांतून, नांगराच्या फाळाला लागलेली किंवा विहिरीच्या खोदकामात निघालेली काळवंडलेली नाणी मला वेळोवेळी पाहावयास मिळाली. परंतु त्यांतील पुष्कळशी चिंचेच्या कोळाने आणि राखेने इतकी घासलेली होती, की मळाबरोबर अक्षरेही गेली होती, आणि उरलेली कोणाकोणाच्या घरी विखुरल्यामुळे ती मूळची एकाच गाडग्यातली, हे सांगणारा दुवाच नाहीसा झाला होता.

चौथ्या शतकातील झिजलेल्या रोमन ताम्रनाण्यावर मागील बाजूस तळाशी टांकसाळीची अक्षरे असतात, त्यामुळे ते मदुरेजवळ सापडले तरी आपले मूळ स्थान सांगू शकते. आपल्याकडील सातवाहनांच्या पोटीन नाण्यावर, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूच्या नाण्यावर, टांकसाळ नाही आणि सालही नाही. एका अंगास सोंड उंचावलेला हत्ती व भोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव, दुसऱ्या अंगास चार वर्तुळे जोडणारे उज्जयिनी चिन्ह, एवढेच असते. त्यातही ठसा नाण्याहून मोठा असल्याने नावातील दोनचार अक्षरेच उमटतात.

तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे १९३९ साली पोटीन नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेव्हा इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी एका नाण्यावरची अक्षरे दुसऱ्यावरच्या अक्षरांशी जुळवून, फाटलेल्या पोथीची पाने लावावीत तशी, नावे पूर्ण केली. कुंभ आणि कर्ण सातकर्णी अशी पुराणांतही न आढळणारी नावे त्यातून पुढे आली. तो साठा वाटला गेला असता, तर ही नावे वाचताच आली नसती.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की नाणी मिळताच त्यांना पाणी, आम्ल वा राख लावू नये. सुटी माती मऊ ब्रशने झाडावी, वजन व व्यास टिपावा आणि एका बाजूने तिरपा उजेड पाडून दोन्ही अंगांची छायाचित्रे घ्यावीत. फिकट हिरवी भुकटी दिसल्यास ते नाणे वेगळ्या डबीत कोरडे ठेवावे, मात्र त्या डबीवर साठ्याची खूण लिहावी. गाडग्याचे तुकडेही जपावेत. मौजा, गट क्रमांक व खोली यांची नोंद करावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची लेखी खबर कलेक्टरांस द्यावी लागते, आणि सापडविणाऱ्याचा हक्कही तोच कायदा मानतो. सबब भयापोटी नाणी सोनाराच्या मुशीत घालण्याचे काहीच कारण नाही. खबर देताना साठा सबंध द्यावा, कारण या भूमीच्या इतिहासातील एखाद्या राजाचे नाव त्यातल्या सर्वांत झिजलेल्या नाण्यावाचून अपुरे राहू शकते.