सीटखालची चपटी

प्रश्न : माझी एक दहाचाकी गाडी आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद, बेदाणा भरून मुंबईला जाते, येताना मिळेल ते भाडं घेते. ड्रायव्हर अकरा वर्षं माझ्याकडे आहे, कामाला चोख. परवा गाडी धुताना त्याच्या सीटखाली अर्धी चपटी सापडली. विचारलं तर म्हणाला, "मालक, गाडी लावल्याबिगर थेंब घेत न्हाई. ड्यूटी संपल्यावर मानूस घरी घेतोच की. आमचं घर हेच." मला उत्तर सुचलं नाही. त्याचं चुकलं का? आणि बाटली गाडीत ठेवणं हाच गुन्हा आहे का?
– एक वाचक, कासेगाव परिसर

उत्तर : उत्तर सुचलं नाही यात तुमचा दोष नाही. तुमच्या ड्रायव्हरने वकिलाला शोभेल असा मुद्दा काढला आहे, आणि कायद्याची एक बाजू खरोखर त्याच्याकडे आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ हे दारू पिऊन वाहन 'चालवणाऱ्या' किंवा चालवण्याचा 'प्रयत्न करणाऱ्या' माणसाबद्दल आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. गाडी बंद करून मागच्या फळीवर झोपलेल्या माणसाला हे कलम लागत नाही. सीटखालच्या बाटलीबद्दलही त्यात एक शब्द नाही.

अमेरिकेत आहे. तिथल्या ट्रकचालकाला कामावर रुजू होण्याआधी चार तास दारू वर्ज्य, आणि कामावर असताना गाडीत बाटली ठेवणंही वर्ज्य, सीलबंद असली तरी. अपवाद एकच, मालाच्या कागदपत्रांत नोंदवून भाड्याने नेलेल्या दारूचा. गंमत म्हणजे रक्तातली त्यांची मर्यादा ४० मिलिग्रॅमची, म्हणजे आपल्यापेक्षा सैल. आपण रक्त मोजतो, ते बाटलीही मोजतात.

पण आपला महाराष्ट्र कागदावर आजही दारूबंदीचं राज्य आहे, हे बारमध्ये बसणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. १९४९ चा दारूबंदी कायदा रद्द झालेला नाही. त्यात परवान्याची खिडकी उघडली आहे, एवढंच. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन परवाना असेल तरच दारू बाळगता आणि पिता येते. तुमच्या ड्रायव्हरकडे तो नसेल, तर ती अर्धी चपटी गाडी सुरू होण्याआधीच बेकायदा ठरते. रस्त्यात झिंगून गोंधळ घातला तर कलम ८५ वेगळंच.

राहिला 'आमचं घर हेच' हा मुद्दा. याच्या अगदी जवळ जाणारा एक निकाल आहे. २०१६ साली झारखंडातल्या गिरिडीहहून पाटण्याला निघालेली एक मोटार बिहारच्या हद्दीत तपासणी नाक्यावर अडवली गेली. आतले लोक प्यायलेले निघाले. त्यांचं म्हणणं असं की मोटार खासगी आहे, ती सार्वजनिक जागा कशी? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते मान्य केलं नाही. सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीपाशी लोक पोहोचू शकतात, म्हणून बिहारच्या कायद्याच्या व्याख्येत ती सार्वजनिक जागाच, असं न्यायालय म्हणालं. निकाल बिहारच्या कायद्यापुरता आहे हे खरं, पण महामार्गाच्या कडेला उभ्या केबिनला 'घर' म्हणून सोडून देण्याच्या मनःस्थितीत न्यायालयं नाहीत, एवढं त्यातून कळतं.

आता ड्रायव्हरच्या बाजूने थोडं बोलतो, कारण त्याच्या बाजूने फारसं कुणी बोलत नाही. त्याने प्यायची कुठे? ढाब्यावर बसला तर ढाब्याला परवाना नसतो. राज्य उत्पादन शुल्कची धाड पडली की ढाबेवाल्याबरोबर पिणाऱ्यावरही गुन्हा. परवान्याची दुकानं १५ डिसेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटर आत ढकलली गेली. छोट्या गावांना पुढे २२० मीटरची सवलत मिळाली, शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना त्याहून मोठी. आदेशामागचा हेतू चांगला होता, स्टिअरिंगवरच्या माणसाला बाटली दिसूच नये हा. पण भरलेली गाडी सर्व्हिस रोडला सोडून पाचशे मीटर चालत जाणार कोण? परत येईपर्यंत टाकीतलं डिझेल किंवा ताडपत्रीखालची दोन पोती गेलेली असतात, आणि ती भरपाई त्याच्याच पगारातून. म्हणून तो वाटेत एखाद्या गावात गाडी हळू करतो, क्लीनरला पिटाळतो, आणि चपटी केबिनमध्ये येते. दुकानं दूर गेली तशी बाटली सीटखाली आली, असं मला वाटतं. याला पुरावा माझ्याकडे नाही; शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंतच्या ढाब्यांवर चहा पिताना ऐकलेल्या गप्पा तेवढ्या आहेत.

मग त्याचं चुकतं कुठे? घड्याळात. एक साधा हिशेब करून पाहा. चपटी १८० मिलिलिटरची. त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनाने साधारण ६० ग्रॅम. ६५ किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलिलिटरला १३५ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. यकृत ते तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम या संथ गतीने उतरवतं. माणसागणिक यात बराच फरक पडतो. रात्री दहाला चपटी संपवून झोपलेला ड्रायव्हर पहाटे चारला उठतो, तोंड धुतो, देवाला उदबत्ती लावतो आणि सेल्फ मारतो. सहा तासांत ९० उतरले. शिल्लक ४५. म्हणजे त्याला स्वतःला लख्ख वाटत असताना तो कायद्याच्या दीडपट आहे. मर्यादेखाली यायला पाच वाजतील, पूर्ण उतरायला सात. आणि चपटीऐवजी ३७५ मिलिलिटरचा 'हाफ' असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत त्याने स्टिअरिंगला हात लावू नये. लिंबू, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडते, दारू उतरत नाही. वेलदोड्याने वास झाकतो, पण ब्रेथ ॲनालायझर फुप्फुसातून येणाऱ्या हवेतलं अल्कोहोल मोजतो, वेलदोडा त्याला कळत नाही. वैमानिकांना आपल्याकडे उड्डाणाच्या कामाआधी १२ तासांचं बंधन आहे, ते उगीच नाही.

आणि तो पहाटेचा तास नेमका कुठे येतो? कऱ्हाडजवळ मुक्काम केलेली गाडी चारला सुटली, की उजाडायच्या आत साताऱ्याच्या पुढे खंबाटकीत असते. भरल्या गाडीने घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवायचा की गिअरवर गाडी धरायची, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. त्या घाटाने किती गाड्या खाल्ल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी अडचण 'गाडी लावली' या शब्दांत आहे. घरी प्यायलेला माणूस घरीच राहतो. ड्रायव्हरचं घर कुणीही हलवायला सांगू शकतं. रात्री दोनला काचेवर काठी वाजते, "ए, गाडी पुढं घे, वाहतूक अडतीय." नाही म्हणावं तर दंड, घ्यावी तर कलम १८५. गळीत हंगामात रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत कारखान्यांच्या यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागते. ड्रायव्हर मोकळाच असतो, पण दर अर्ध्या तासाला गाडी पंधरा फूट पुढे घ्यावी लागते. ते पंधरा फूटही चालवणंच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. उशिरा का होईना, चांगलं झालं. पण एसीसाठी इंजिन सुरू ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर पेंगणारा प्यायलेला माणूस 'चालवण्याच्या प्रयत्नात' होता की नाही, यावर आता वकिलांची चूल पेटेल. झोपायचंच तर मागे, चावी काढून.

आता एक प्रश्न तुम्हाला. तुमचा फोन त्याला किती वाजता जातो? 'सहाला वाशीत गाडी लागली पाहिजे' असं आपण रात्री अकराला सांगतो, तेव्हा त्याची ड्यूटी संपलेली नसते, संपली असं त्याने समजून घेतलेलं असतं. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. ट्रिपवर पैसे घेणाऱ्या किती ड्रायव्हरांनी ते पाहिले? शिवाय तो प्यायला आहे हे माहीत असून तुम्ही 'हळूहळू काढ' म्हणालात, तर कलम १८८ प्रमाणे शिक्षा तुम्हालाही तीच. विमाही जाईल. २००७ मध्ये दिल्लीत आदळलेल्या एका महागड्या मोटारीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चालकाची श्वासचाचणी झाली नव्हती. तरी परिस्थितीवरून तो नशेत होता हे कंपनी सिद्ध करू शकते, असं न्यायालयाने धरलं.

म्हणून माझा सल्ला असा. बाटली गाडीत नको, परवाना असला तरी नको. तो लबाड आहे म्हणून हे सांगत नाही. फोडलेली बाटली हाताशी असली की नव्वदीची चपटी होते, आणि तपासणीत सीटखालून अर्धी बाटली निघाली की 'काल रात्रीची आहे' हे कोण ऐकणार? पण हे सांगताना त्याला मुंबईहून परतल्यावर एक पुरती रात्र आणि पुढचा अर्धा दिवस घरी द्या, फोन न करता. तिथे त्याने काय प्यावं हा त्याच्या बायकोचा प्रश्न, तुमचा नाही.

प्रश्न : आम्ही मिरजेहून गोव्याला माल नेतो. येताना ड्रायव्हर लोक स्वतःपुरती दोन-तीन बाटल्या आणतात. तेवढ्याला काय होतं?
– एक ट्रान्सपोर्टवाले, मिरज

उत्तर : बरंच होतं. गोव्याची दारू स्वस्त, कारण तिच्यावर महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क भरलेलं नसतं. बाटलीवर ती फक्त गोव्यात विकण्यासाठी असल्याचं छापलेलंच असतं. कागवाड किंवा जतकडून कर्नाटकातली आणली तरी तोच न्याय. वरच्या पत्रातल्या चपटीचा प्रश्न परवान्याचा होता, इथे प्रश्न परराज्यातल्या दारूच्या बेकायदा वाहतुकीचा आहे. त्यात कैद आहे, आणि ज्या गाडीतून ती आली ती गाडीही जप्त होऊ शकते. तीन बाटल्यांसाठी तुमचा ट्रक उत्पादन शुल्कच्या आवारात गवत उगवेपर्यंत उभा राहील, हा हिशेब ड्रायव्हरला एकदा कागदावर मांडून दाखवा. आणि हो, गोव्याहून येताना गाडी रिकामी नसेल याचीही सोय करा. रिकाम्या गाडीत जागा दिसली की बाटल्यांचे खोके व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर ट्रकवर आहेत. घरी आले की मुलांसमोर दोन दिवस घेत नाहीत. पण हात कापतात, घाम येतो, रात्रभर झोप नाही. म्हणतात, थोडी घेतली की हात स्थिर होतो, गाडीही नीट चालते.
– एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : ताई, ते खोटं बोलत नाहीत. हात खरंच स्थिर होतो, आणि काळजीची गोष्ट तीच आहे. शरीराला दारूची इतकी सवय झाली आहे की ती थांबताच मज्जासंस्था बिथरते. अशा माणसाने घरच्या घरी एकदम सोडणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. देवाची शपथ घालून कोंडून ठेवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन हे दिवस सुखरूप काढता येतात, आधी ते. तुमच्या जिल्ह्यात साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था आहे. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून आहे. दोन्हीकडे घरच्या माणसांशीही बोलतात, तेव्हा पहिल्यांदा तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल.

तोवर गाडी मात्र नको. घेतल्यावर नको आणि न घेताही नको, कारण कापणाऱ्या हाताने किंवा स्टिअरिंगवर आलेल्या फिटने कुंभार्ली उतरता येत नाही. मालकाला काय सांगायचं असं तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात विचारलं आहे. कावीळ झाली असती तर जे सांगितलं असतं तेच सांगा. आजारी आहेत, दवाखान्यात आहेत, महिनाभर गाडीवर येणार नाहीत.