चरित्र अभिनेत्याची कारकीर्द आणि संपत्ती : विक्रम गोखले

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• चरित्र अभिनेत्याच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• नाटक आणि दूरचित्रवाणी मालिका यांतील मोबदल्याच्या पद्धतींचा फरक सांगता येईल.
• कलावंताच्या मिळकतीविषयी लिहिताना पडताळलेली माहिती आणि ऐकीव माहिती यांत भेद करता येईल.

१. प्रास्ताविक

व्यक्तिपर लेख हा प्रसारमाध्यमांतील एक लोकप्रिय लेखनप्रकार आहे. कलावंतावरील लेख वाचताना वाचकाला दोन गोष्टींचे कुतूहल असते : त्याने काय काम केले, आणि त्यातून काय कमावले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कलाकृतींत सापडते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा अंदाजावर भागवले जाते. अमुक अभिनेत्याची मालमत्ता इतक्या कोटींची, असे आकडे सर्रास छापले जातात. ते कोणी व कसे मोजले, याचा उल्लेख नसतो. अशा आकड्याविना कलावंताच्या आर्थिक जीवनाविषयी जबाबदारीने लिहिता येते का, हे आपण विक्रम गोखले यांच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

२. चरित्र अभिनेता म्हणजे कोण?

नायक-नायिकेची कथा ज्या माणसांच्या आधाराने उभी राहते, ती माणसे साकारणारा नट म्हणजे चरित्र अभिनेता. वडील, गुरू, न्यायाधीश, पोलीस अधिकारी, शेजारचे काका अशा भूमिका त्याच्या वाट्याला येतात. नायकाचे वय झाले की त्याच्या भूमिका आटतात. चरित्र अभिनेत्याचे वय मात्र त्याचे भांडवल ठरू शकते. म्हणूनच त्याची कारकीर्द दीर्घ असते. पण तिच्यात एक विसंगती आहे. प्रेक्षकांना चेहरा ओळखीचा असतो, नाव अनेकदा नसते. आणि मोबदला ठरतो तो प्रामुख्याने नावावर.

३. विक्रम गोखले : कारकिर्दीचे टप्पे

गोखले यांच्या घराण्यात अभिनय चार पिढ्यांचा होता. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले या दोघींनी दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात काम केले. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत असलेल्या त्या काळात पडद्यावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया होत. वडील चंद्रकांत गोखले हे रंगभूमी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांतील मान्यवर नट होते.

विक्रम गोखले यांची घडण रंगभूमीवर झाली. जयवंत दळवी यांच्या ‘बॅरिस्टर’ या नाटकातील त्यांची भूमिका मराठी रसिकांच्या विशेष स्मरणात आहे. दूरदर्शनच्या ‘उडान’ मालिकेत त्यांनी नायिकेचे वडील उभे केले. पुढे खासगी वाहिन्यांवरील ‘या सुखांनो या’, ‘अग्निहोत्र’ यांसारख्या मालिकांनी त्यांना रोज संध्याकाळी घराघरांत नेले. हिंदी चित्रपटांत ‘अग्निपथ’ (१९९०) मधील पोलीस आयुक्त आणि ‘हम दिल दे चुके सनम’ (१९९९) मधील करारी संगीतगुरू या भूमिका त्यांनी केल्या. या दोन्ही चित्रपटांचे नायक वेगळे होते. पण गोखले यांच्या संयत आवाजाविना ते प्रसंग कल्पिता येत नाहीत.

२०११ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. ‘अनुमती’ या मराठी चित्रपटासाठी साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना इरफान खान यांच्यासमवेत विभागून देण्यात आला. रुग्णालयात मरणाच्या दारी असलेल्या पत्नीचे उपचार चालू राहावेत म्हणून पैशासाठी वणवण करणारा निवृत्त गृहस्थ, ही ती भूमिका होती. घशाच्या विकारामुळे २०१६ साली त्यांनी रंगभूमीवरून निवृत्ती घेतली. कॅमेऱ्यासमोरचे काम मात्र चालू ठेवले. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

४. मोबदल्याची रीत

गोखले रंगभूमीवरून निवृत्त झाले तरी मालिका-चित्रपटांत राहिले. यामागील कारण त्यांच्या बाबतीत शारीरिक होते. तथापि या दोन क्षेत्रांतील अर्थव्यवहार वेगवेगळे आहेत, हे तुम्ही ध्यानात घ्यायला हवे.

नाटकात कलावंताला प्रयोगागणिक पैसे मिळतात. या रकमेला नाट्यव्यवसायाच्या बोलीत ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग रद्द झाला की नाइट बुडते. परंतु प्रयोग झाला की हिशेब बहुधा लगेच होतो.

मालिकेत मानधन प्रायः दिवसावर ठरते. महिन्यातील किती दिवस बोलावणे येईल, हे कथानकावर अवलंबून असते. एखाद्या पात्राचा ‘ट्रॅक’ संपला, म्हणजे त्याचे उपकथानक मिटले, की नटाचे उत्पन्नही थांबते. शिवाय काम केल्यानंतर सुमारे नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत या व्यवसायात रूढ आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरात आले, तर घरभाडे व औषधे यांचा मधल्या काळातील खर्च नटाने पूर्वीच्या शिलकीतून भागवायचा. नोकरदाराला मिळणारा भविष्यनिर्वाह निधी वा उपदान येथे नाही. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे चित्रीकरणे बंद पडली, तेव्हा या व्यवस्थेचा ठिसूळपणा सर्वांना दिसला.

मालिका पुन्हा दाखवली गेली तर काय? भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास सादरकर्त्याला स्वामित्वधन मिळण्याचा हक्क कलम ३८-अ मध्ये मान्य केला. व्यवहारात मात्र ठरीव मानधन एकदाच देऊन हिशेब पुरा करण्याची प्रथा प्रबळ आहे. तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहा. तेथील चित्रपट-अभिनेत्यांच्या संघटनेने १९६० साली संप केला. त्या वेळी तिचे अध्यक्ष होते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन. त्या संपातून चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवल्याबद्दलचा मोबदला आणि निवृत्तिवेतन व आरोग्य योजना यांचा पाया घातला गेला. दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाच्या म्हातारपणाला अशा तरतुदी आधार देतात.

५. दोन वार्धक्ये

ए. के. हंगल यांचे उदाहरण येथे बोलके आहे. सियालकोटमध्ये जन्मलेले हंगल स्वातंत्र्यसैनिक होते. शिवणकाम हा त्यांचा व्यवसाय होता. ‘इप्टा’च्या रंगमंचावरून ते पन्नाशीच्या सुमारास चित्रपटांत आले. ‘शोले’मधील रहीमचाचा आजही सर्वांना आठवतो. २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. असे असूनही २०११ मध्ये उपचारांचा खर्च पेलत नसल्याची त्यांची अवस्था उघड झाली आणि चित्रपटसृष्टीतील लोक मदतीला धावले. २०१२ साली ‘मधुबाला’ या मालिकेत ते चाकांच्या खुर्चीत बसून दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. मान्यता आणि आर्थिक सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

गोखले यांची परिस्थिती तुलनेने स्थिर होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी पुणे जिल्ह्यातील आपली दोन एकर जमीन ज्येष्ठ कलावंतांच्या निवाऱ्यासाठी देऊ केली : एक एकर अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाला आणि एक एकर चित्रपट व दूरचित्रवाणी कलावंतांच्या ‘सिंटा’ या संघटनेला. या दानाकडे केवळ औदार्य म्हणून पाहणे अपुरे ठरेल. सहकाऱ्यांचे वार्धक्य त्यांनी जवळून पाहिले होते; व्यवसायाने जे दिले नाही, त्याची उणीव या दानातून अधोरेखित झाली. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मासिक मानधन देते. पण व्यवसायाने आपल्या माणसांची काळजी घेणे आणि शासनाने वा एखाद्या दात्याने हात देणे, यांत फरक आहे. पहिली गोष्ट हक्काची, दुसरी कृपेची.

६. लेखकाची जबाबदारी

नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाचे वृत्त सर्वत्र पसरले. श्रद्धांजलीचे संदेशही आले. प्रत्यक्षात ते जिवंत होते आणि कुटुंबीयांना खुलासा करावा लागला. माणूस हयात आहे की नाही, ही सर्वांत सोपी पडताळणी जेथे चुकते, तेथे त्याच्या मालमत्तेच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा, याचा विचार तुम्हीच करा. व्यक्तिपर लेख लिहिताना आकडा मिळाल्यास त्याचा आधार विचारा. आधार नसेल तर आकडा गाळा आणि उत्पन्नाची रीत, कामाची वर्षे, केलेले दान, भोगलेली अडचण यांविषयी लिहा. ही माहिती तपासता येते आणि वाचकाला अधिक सांगून जाते.

सारांश

चरित्र अभिनेत्याची कारकीर्द दीर्घ, पण उत्पन्न अनिश्चित असते. मालिकांतील मानधन दिवसावर ठरते आणि उशिरा मिळते. पुनःप्रसारणाचा हक्क कायद्याने मान्य असला तरी व्यवहारात तो दुबळा आहे. हंगल व गोखले यांच्या उदाहरणांतून लौकिक आणि सुरक्षितता यांतील अंतर दिसते.

स्वाध्याय

१. ‘नाइट’ आणि दिवसावर ठरणारे मानधन यांतील फरक पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
२. ‘मान्यता आणि आर्थिक सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
३. तुमच्या गावातील वा परिसरातील एखाद्या ज्येष्ठ कलावंताची (तमाशा, कीर्तन, दशावतार, बँड, नाटक यांपैकी कोणत्याही क्षेत्रातील) त्यांच्या संमतीने मुलाखत घ्या. कामाचे पैसे कसे व केव्हा मिळत, हे विचारा आणि ३०० शब्दांचा व्यक्तिपर लेख लिहा. प्रत्येक विधानासमोर ते प्रत्यक्ष ऐकलेले, पाहिलेले की दुसऱ्याकडून कळलेले, याची नोंद समासात करा.