उभ्या पाहुण्याचा एक हात

पोरी, गच्चीवर भरीत पार्टी ठेवलीस, साठ माणसं बोलावलीस, फार चांगलं केलंस. बामणोदची वांगी आणलीस म्हणजे स्वयंपाकाची काळजी नाही. मला सांगायचंय ते ताटांचं.

पंगतीत ताट जमिनीवर असतं, माणसाचे दोन्ही हात मोकळे. उभ्याने जेवणाऱ्याचा डावा हात ताटाखाली अडकतो. उरला एक. त्याच हाताने त्याने भाकरी मोडायची, पाणी प्यायचं, कोणी भेटलं तर नमस्कारही करायचा. म्हणून भाड्याने आण नाहीतर विकत घे, आधी एक ताट घरी आणून बघ. त्यात पुऱ्या, भरीत, कढीची भरलेली वाटी ठेव आणि ओट्याला न टेकता उभं राहून सगळं जेव. मनगट भरून आलं तर ते ताट परत कर. माझ्या मते दहा इंची, बोटाच्या पेराएवढा उभा काठ असलेलं स्टीलचं ताट पुरे. बारा इंची दिसायला भारी, पण भरलं की हात खाली ओढतं.

हे मी शिकले ते थोरल्याच्या साखरपुड्यात. पातळ कागदी ताटं घेतली होती आणि बेत शेवभाजीचा. गरम रस्सा पडला तसा कागद मऊ झाला, ताट मधोमध वाकलं आणि आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतरावर लाल तर्रीचा ओघळ आला. ते एक शब्द बोलले नाहीत. ताट हळूच ठेवलं, हात धुतले आणि न जेवता गेले. आजही आठवलं की जीव कासावीस होतो. थर्माकोलचा तर विचारच नको. 2018 पासून आपल्या राज्यात त्याच्या ताटांना बंदी आहे, आणि ते गुरांच्या पोटात जायचं.

पळसाची पत्रावळ मला आवडते, पण तिला खाली जमीन लागते. हातावर ती दुमडते. पानच हवं असेल तर केळीचं घे. गोल कापून, विस्तवावरून भरभर फिरवून मऊ कर, म्हणजे चिरत नाही, आणि स्टीलच्या ताटात अंथर. पानावर वाटी घसरत नाही, ताट हाताला पोळत नाही, घासायलाही हलकं जातं. फक्त कापलेल्या कडांचा चीक नीट पुसून घे, केळीचा डाग कपड्यावरून निघत नाही. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आपल्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीलाही. दोन्ही एकाच ताटात आली की मला फार बरं वाटतं.

वाटी रुंद बुडाची घे आणि पाऊणच भर. कढीसाठी पितळी भांडं काढणार असशील तर कल्हई बघून घे, नाहीतर ताक कळकतं. वरण-बट्टी या बेतात नको. बट्टी चुरायला दोन हात लागतात. ठेवायचीच असेल तर खोलगट वाडग्यात आधीच चुरून, वर तूप घालून दे, सोबत चमचा. भरिताचं बरं असतं, ते घट्ट असतं, पुरीच्या तुकड्याने उचललं जातं. कळण्याची भाकरी मात्र चतकोर करून ठेव. अख्खी भाकरी ताटाबाहेर लोंबते.

साठ माणसांना पंचाहत्तर ताटं आणि सव्वाशे पेले मांड. बोलता बोलता माणूस पेला कुठेतरी ठेवतो आणि दुसरा घेतो. पाणी वाढपाच्या टेबलापासून लांब ठेव, कठड्याशी कमरेएवढी फळी लाव, म्हणजे पेला टेकवायला जागा होईल. उष्ट्या ताटांचं टोपलं जिन्याजवळ. चहा कानाच्या कपातच दे, स्टीलच्या पेल्याने बोटं भाजतात.

आणि दहा-बारा खुर्च्या, पुढे छोटे स्टूल. गुडघे धरलेल्यांना बसा म्हणून विचारू नकोस, ते नाहीच म्हणतात. त्यांचं ताट तूच वाढून स्टुलावर नेऊन ठेव.

माझ्या कपाटात सासूबाईंच्या रुंद बुडाच्या चोवीस वाट्या आहेत. उद्या सकाळी कोणाला तरी पाठव न्यायला.