रबरी कडी व सील निवडताना

विहिरीवर मोट चालत होती तोवर पाणी धरण्याचे काम चामड्याकडे असे, आणि चामड्यास तेल पाजले म्हणजे ते नरम राहून अधिक टिकते, हे आपल्या वाडवडिलांस पक्के ठाऊक होते. पुढे मोट जाऊन पंप व पी.व्ही.सी.चे नळ आले. तेल पाजण्याची सवय मात्र हातास तशीच राहिली. आमच्या केडगावचा समावेश आता महानगरपालिकेच्या हद्दीत झाला आहे, तरी शिवारातील विहिरींवर नळ जोडताना रबरी कडीस ग्रीस चोपडणारे गडी आम्ही अद्याप पाहतो.

नळाची कडी साधारणतः नैसर्गिक रबराची किंवा ई.पी.डी.एम. नावाच्या कृत्रिम रबराची असते. या दोहोंचे खनिज तेलाशी जमत नाही. तेलाचे सूक्ष्म कण रबराच्या धाग्यांत शिरतात. रबर फुगते, मऊ पडते व त्याचा ताण जातो. पंपाच्या ओढीच्या नळावर असे झाले, तर बाहेर पाण्याचा थेंबही दिसत नाही. उलट आत हवा ओढली जाते. पंप पाणी सोडतो, कोरडा फिरतो, आणि पाण्यानेच थंड राहणारे त्याचे मेकॅनिकल सील करपते. रात्रीच्या विजेचे तास तेवढ्यात निघून जातात व गव्हाचे पाणी चुकते. सबब कडी बसविताना साबणाचे पाणी लावावे. ग्रीस लावू नये.

मग इंजिनात व ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये रबर कसे टिकते? तेथील रबर निराळे असते. नायट्राइल हे रबर जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात निघाले. डिझेल व वंगण यांस ते दाद देत नाही आणि सुमारे १०० अंश उष्णता सोसते. पण उन्हात ते चिरते. ई.पी.डी.एम. उन्हास व गरम पाण्यास उत्तम, तेलास निरुपयोगी. पाण्यात घालताच दुधाळ होणाऱ्या फवारणीच्या औषधांत तीव्र द्रावक असतात. त्यांच्यासाठी व्हायटॉन चांगले, परंतु त्यास किंमत अधिक पडते.

येथे एका नावाने पुष्कळांची फसगत होते. कांदा घेऊन नेप्तीच्या बाजारास जाणाऱ्या पिकअप गाडीत जे ब्रेक ऑइल घालतात, ते खनिज तेल नव्हेच. डॉट ३ व डॉट ४ ही द्रव्ये ग्लायकॉल जातीची असतात, व त्यांची सीले बहुधा ई.पी.डी.एम.ची असतात. तेथे इंजिन ऑइल ओतल्यास सीले फुगून ब्रेक अडकतो किंवा ऐन उतारावर निकामी होतो. नायट्राइलचे सील तेथे बसविणेही तितकेच वाईट. काही ट्रॅक्टरांचे ब्रेक मात्र खऱ्या खनिज तेलात बुडालेले असतात. म्हणून प्रत्येक यंत्राची पुस्तिका पाहूनच काय ते ठरवावे.

दुकानात साऱ्या कड्या काळ्याच दिसतात. आम्ही दप्तरात आयुष्य काढले. गट नंबर एक असला तरी पोटहिस्सा पाहिल्यावाचून नोंद घालावयाची नाही, हा तेथील शिरस्ता. कडीचेही तसेच आहे. माप जुळले एवढ्यावर न भुलता ‘नायट्राइल की ई.पी.डी.एम.?’ असे विचारावे व पावतीवर लिहून घ्यावे. शंका वाटल्यास एकाच पुडीतील दोन कड्यांपैकी एक दोन-तीन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवावी व नंतर दुसरीशेजारी धरावी. नायट्राइलची कडी फारशी बदलत नाही, ई.पी.डी.एम.ची किंवा नैसर्गिक रबराची ठळकपणे फुगलेली दिसते. तपासलेली कडी पुन्हा वापरू नये.

राखीव कड्या खिळ्यास टांगून ठेवू नयेत, कारण ताणलेले रबर लवकर चिरते. स्टार्टरच्या पेटीतही ठेवू नयेत. तेथील ठिणगीने ओझोन वायू उत्पन्न होतो व तो नैसर्गिक रबर आणि नायट्राइल या दोहोंस खातो. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, घरातील थंड कोनाड्यात ठेवाव्यात.