ट्रॅक्टरचं तोंड उचलतं? वजन लावा, माणूस बसवू नका


रोटाव्हेटर उचलला की ट्रॅक्टर पुढून हलका होतो, स्टिअरिंग लागत नाही. मग कुणीतरी बंपरवर बसतं. तोल गेला तर तो माणूस थेट चाकाखाली जातो.

*आधी तपासा:* रोटाव्हेटर उचललेला ठेवून फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर घ्या. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढे हवा. २,००० किलोच्या ट्रॅक्टरला ४०० किलो.

*कमी भरला तर घरीच बनवा:*
१) रंगाची रिकामी २० लिटरची बादली घ्या. मधोमध लोखंडी पाइप उभा करा.
२) सिमेंट १, वाळू २, खडी ४ या मापाचं काँक्रीट भरा, सळईने ठोसा.
३) किमान ७ दिवस पाणी मारा. एक बादली साधारण ४८ किलो भरते.
४) पाइपातून बोल्ट घालून पुढच्या ब्रॅकेटला डबल नटने आवळा. दोरीने बांधू नका.

एकूण वजन ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या मर्यादेतच ठेवा. रोटाव्हेटर सोडला की वजनही उतरवा, नाहीतर डिझेल जास्त जातं आणि जमीन दबते.

हा मेसेज ड्रायव्हरलाही दाखवा.